लायसन्सची पहिली तारीख

ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप

विषय जाहीर झालाय तो असा: परदेशी राहायला गेल्यावर आपलं ड्रायव्हिंग लायसन्स बदलून कसं घ्यायचं. देशांकडे वळतो, पण आधी एक तक्रार. घोडबंदर रोड असो की ऐरोली, मुलांची बॅग भरताना सगळे 'इंटरनॅशनल लायसन्स' काढतात आणि निश्चिंत होतात. ते लायसन्स नाहीच! आरटीओ देतं ते परमिट. फॉर्म ४ए, पासपोर्टची प्रत, १००० रुपये. मुदत १ वर्ष. मूळ कार्ड सोबत नसेल तर त्याचा उपयोग शून्य, आणि ते दाखवून तिथलं लायसन्स बदलून मिळत नाही.

तिथे कामाला येते ती पहिली तारीख. एमएच ०४ किंवा एमएच ४३ नंतर नंबरात जे साल असतं, ते पहिल्या लायसन्सचं. पण अठराव्या वर्षी मोटारसायकलचं काढलं आणि कारचं सात वर्षांनी जोडलं, तर कारचा अनुभव दुसऱ्या तारखेपासून धरला जातो. कार्डाच्या मागे एलएमव्ही, म्हणजे कारसारख्या हलक्या वाहनासमोरची तारीख आज घरी जाऊन बघा. रिन्यू केलेल्या कार्डावरची ठळक तारीख नवी असते. काउंटरवरच्या माणसाला तीच दिसली तर पंधरा वर्षांचा चालक नवशिका ठरतो. म्हणून निघण्याआधी सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवरून 'डीएल एक्स्ट्रॅक्ट', म्हणजे लायसन्सच्या नोंदींचा उतारा काढा. जुनं पुस्तकवालं लायसन्स पोर्टलवर सापडलं नाही, तर आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या लायसन्सची संगणकात नोंद, करून घ्यावी लागते. टोरांटोत बसून हे काम करणं फार अवघड जातं, आणि मग ठाण्यातले आई-वडील रांगेत उभे राहतात.

ही तारीख किती मोलाची? कॅनडातल्या ओंटारिओत अनुभव सिद्ध झाला नाही, तर जी१ हे शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर रोड टेस्टसाठी १२ महिने थांबावं लागतं, ड्रायव्हिंगचा कोर्स केला तर ८. दोन वर्षांहून जास्त अनुभव दाखवायचा तर लायसन्स देणाऱ्या कार्यालयाचं किंवा दूतावासाचं पत्र लागतं. मग लेखी परीक्षा आणि डोळ्यांची तपासणी झाली की थेट जी, म्हणजे पूर्ण लायसन्सची रोड टेस्ट देता येते. आपल्या लायसन्सवर तिथे गाडी चालवता येते फक्त ६० दिवस. जपानमध्ये तर लायसन्स मिळाल्यानंतर ते देणाऱ्या देशात, म्हणजे भारतात, किमान ३ महिने राहिल्याचा पुरावा मागतात. घाईघाईत काढून आठवड्यात विमानात बसलेल्याचा अर्ज तिथेच अडतो.

वेळ संपत आली, त्यामुळे बाकीचे देश भराभर. जर्मनीत आपलं लायसन्स ६ महिने चालतं, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा; ड्रायव्हिंग स्कूलचे सक्तीचे तास मात्र माफ. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. नवं कार्ड देताना आपलं कार्ड जमा करून घेतात, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो आधीच काढून ठेवा. ब्रिटनमध्ये १२ महिने, नंतर प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स, थिअरी, प्रॅक्टिकल. जपानमध्ये लायसन्स बदलून घेतानाच्या लेखी परीक्षेत ऑक्टोबर २०२५पासून प्रश्न १०चे ५० झालेत.

आणि हे मला खुपतं: आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९मध्ये परदेशी लायसन्स असलेल्याला चाचणीतून सूट आहे. ही सूट आपण एकतर्फी देतो. परस्पर करार करा, अशी मागणी आपण रेटून धरायला हवी.

निघायच्या वर्षात मुदत संपत असेल, तर आधी १ वर्षापासून रिन्यू करता येतं. संपून वर्ष उलटलं, तर परतल्यावर पुन्हा चाचणी.