हे नेमकं कोणतं विमान? हवाई दलाची विमानं १/७२ मध्ये करताना

मंडळी, नमस्कार. व्याख्यान वगैरे शब्द मोठा आहे, मी आपला गप्पा मारल्यासारखंच बोलणारेय, कारण समोर टेबलावर विमानांची जी छोटी मॉडेल्स मांडली आहेत ती काही माझ्या एकट्याची नाहीत. आम्ही नऊ जण आहोत, पुण्यातले चार, नाशिकचे तीन, ठाण्याचे दोन, आणि २०२२ मध्ये भारतीय हवाई दलाला नव्वद वर्षं होणार म्हणून आमच्यातल्या एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की आपण सगळे मिळून करूया का, दलाने उडवलेली विमानं, एकाच स्केलमध्ये, एकाच टेबलावर. तेव्हा वाटलं होतं वर्षभरात उरकेल. अजून चालूच आहे.

स्केल ठरवायला वेळ लागला नाही. १/७२. म्हणजे खरं विमान ७२ पट लहान करायचं, सहा फुटी माणूस बरोब्बर एक इंचाचा होतो. या मापात नॅट या छोट्या लढाऊ विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वानऊ सेंटीमीटर, तळहातावर मावतं, सुखोई-३० तीस सेंटीमीटर लांब, आणि ते मागे ठेवलंय ते लिबरेटर, महायुद्धातलं बॉम्बफेकी विमान, त्याचे पंख साडेशेहेचाळीस सेंटीमीटर. हे सगळं एका टेबलावर शेजारी शेजारी बघितलं ना की पहिल्यांदा कळतं नॅट किती चिमुकलं होतं ते. पुस्तकात सगळ्या विमानांचे फोटो एकाच आकाराचे छापतात, त्यामुळे डोळ्याला ते कधी कळतच नाही.

आमचा नियम एकच होता आणि त्यावरून सुरुवातीला भरपूर वाद झाले. नियम असा, की नुसतं 'मिग-२१ केलं' असं म्हणायचं नाही. कोणतं मिग-२१? कुठल्या स्क्वाड्रनचं, म्हणजे हवाई दलाच्या कुठल्या तुकडीचं, कुठल्या वर्षीचं, शेपटीवर नंबर काय? ते सांगता आलं तरच ग्लूची बाटली उघडायची. काही जणांना हे जाच वाटलं, छंद आहे बाबा, परीक्षा नाही. पण मला अजूनही वाटतं की आमच्या हातून जे काही बरं झालं ते या नियमामुळे झालं.

नॅटचंच घ्या. बाजारात सहज मिळणारा किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच, आहे तो दोन सीटवाल्या ट्रेनरचा, पायलट शिकवायच्या विमानाचा, ब्रिटिशांनी वापरलेला, लाल रंगात. आपल्या हवाई दलाने उडवलं ते एका सीटचं. बरं, एक सीट काढून टाकली आणि झालं असं नाही, ट्रेनरचे पंखच मोठे आहेत, नाकाचा भाग लांब आहे, विमानच वेगळं आहे. आमच्या ग्रुपमधली सगळ्यात लहान मुलगी नववीत होती तेव्हा, तिला फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखोंचं नॅट करायचं होतं. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर, १८ नंबरची स्क्वाड्रन, धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना त्यांनी टेकऑफ केलं आणि पाकिस्तानी सेबर विमानांशी एकट्याने झुंज दिली, हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. ती म्हणाली, त्यांचं विमान चुकीचं करणार नाही मी. चेक कंपनीचा एका सीटचा किट मागवला, तो यायला पाच महिने लागले, तोवर तिने नुसता पायलट रंगवला. १/७२ मध्ये हेल्मेट ज्वारीच्या दाण्याएवढं होतं बरं का. त्या दाण्यावर तिने चार वेळा रंग चढवून चार वेळा काढला. कॅनपी, म्हणजे पायलटवरचं पारदर्शक झाकण, बंद केल्यावर आता ते नीट दिसतही नाही, पण ते तिथे आहे हे आम्हाला माहितीय.

आता खुणा. राउंडेल म्हणजे विमानावरचं ते गोल चिन्ह. आपल्याला वाटतं केशरी-पांढरा-हिरवा, त्यात काय विचारायचं. पण नव्वद वर्षं एका ओळीत मांडायला घेतली की त्या चिन्हाची चार रूपं दिसतात! सुरुवातीला ब्रिटिश पद्धतीचं, मध्ये लाल ठिपका. मग दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या आघाडीवर तो लाल ठिपकाच काढून टाकला, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असायचा आणि घाईत आपलेच लोक आपल्यावर गोळी झाडतील, म्हणून निळा आणि फिकट निळा एवढंच. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्र. आणि मग आजचं तिरंगी.

ते अशोकचक्र आम्हाला फार महागात पडलं, वेळेच्या हिशोबाने म्हणतोय. काश्मीरच्या पहिल्या लढाईतलं टेम्पेस्ट हे लढाऊ विमान करायला घेतलं, त्यावर चक्र हवं, आणि किटबरोबर आलेल्या डिकलमध्ये, म्हणजे चिकटवायच्या छापील चिन्हांमध्ये, ते कुठून असणार. चोवीस आरे, आणि सगळं चक्र माझ्या करंगळीच्या नखाएवढं. घरच्या प्रिंटरवर डिकल पेपर घालून छापलं तर आरे एकमेकांत मिसळायचे, लांबून निळा डाग दिसायचा. शिवाय घरचा प्रिंटर पांढरा रंग छापतच नाही, त्यामुळे पारदर्शक डिकल गडद रंगावर बसवलं की चिन्ह गायबच. मग आधी विमानावर मास्किंग टेपचा गोल कापून पांढरा रंग मारायचा, तो दोन दिवस वाळू द्यायचा, त्यावर बरोब्बर मध्ये चक्र बसवायचं, आणि अर्धा मिलिमीटर सरकलं तरी डोळ्याला खुपतं. सहा चक्रं लावायला ठाण्याच्या मित्राला तीन रविवार लागले. पण जवळ येऊन बघा नंतर, भिंगातून आरे मोजता येतात.

मारुतबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. एचएफ-२४ मारुत, आपल्या देशात विकसित झालेलं पहिलं जेट फायटर, डिझाइन कुर्ट टांक या जर्मन इंजिनिअरचं, पहिलं उड्डाण जून १९६१, कारखाना बंगलोरचा एचएएल, म्हणजे आपल्या सरकारी विमान कंपनीचा. १९७१ ला राजस्थानच्या आघाडीवर लढलं. इंजिन मनासारखं मिळालं नाही म्हणून जेवढा वेग हवा तेवढा कधी आला नाही, पण दिसायला इतकं देखणं विमान मी दुसरं पाहिलं नाही. आणि मोठ्या किट कंपन्यांच्या यादीत ते नाही! जगातली सटरफटर विमानं सापडतील, मारुत नाही. रेझिनचा एक जुना किट मिळाला, पण पंखाची जाडी बघूनच कळत होतं की काहीतरी चुकलंय.

तर मुंबईत वरळीला नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात एक खरं मारुत उभं आहे. आम्ही तिघं टेप, वही आणि कॅमेरा घेऊन गेलो, दुपारभर त्याच्याभोवती फिरलो, हात पोचेल तिथपर्यंत मापं घेतली, उरलेली फोटोवरून काढली. शाळेची सहल आली होती, पोरं विचारत होती काका काय मोजताय. एक पोरगा मग आमच्या टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिला, बाई हाका मारेपर्यंत. नाकापासून शेपटीपर्यंत खरं विमान पावणेसोळा मीटरच्या पुढे, आमचं बावीस सेंटीमीटर. पंख आम्ही प्लास्टिक शीटमधून नव्याने कापले, घासून घासून कड कागदासारखी केली. टेबलावरचं माझं सगळ्यात लाडकं तेच.

हे लायसँडर. पंख डोक्यावर, जाडजूड पाय, बघून कुणाला लढाऊ वाटणार नाही, आणि ते मुळात टेहळणीचंच होतं. १९४१ मध्ये मुंबईच्या लोकांनी युद्धनिधी गोळा करून पहिल्या स्क्वाड्रनला ही विमानं दिली होती. पुढच्याच वर्षी बर्मात स्क्वाड्रन लीडर मजुमदारांच्या नेतृत्वाखाली त्याच स्क्वाड्रनने लायसँडरला बॉम्ब अडकवून जपान्यांच्या तळावर हल्ले केले. बॉम्ब अडकवायची सोय जागच्या जागी तयार केली तंत्रज्ञांनी, हरजिंदरसिंग त्यात पुढे होते, जे हवाई सिपाही म्हणून भरती झाले आणि एअर व्हाइस मार्शल होऊन निवृत्त झाले. त्यामुळे आमच्या लायसँडरच्या चाकांजवळ ते बॉम्ब आहेत, किटच्या डब्यावरच्या चित्रात नाहीत.

लिबरेटरचं थोडक्यात. युद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलेली, मुद्दाम मोडतोड केलेली ही विमानं एचएएलने दुरुस्त करून उडवली, १९६८ पर्यंत, आणि आज परदेशातल्या संग्रहालयात जी काही लिबरेटर उरलीत त्यातली कित्येक आपल्याकडून गेलेली आहेत.

आता मिग-२१. नाशिकच्या मित्राचे वडील ओझरला होते, त्याचं बालपण त्या आवाजात गेलं, तो सांगतो की शाळेत बाईंना मध्येच थांबावं लागायचं. ओझरच्या एचएएल कारखान्यात सहाशेच्या वर मिग-२१ तयार झाली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला ते निवृत्त झालं तेव्हा आम्ही सगळे फोनवर लाइव्ह बघत होतो आणि ग्रुपवर बराच वेळ कुणी काही टाइपच केलं नाही. बासष्ट वर्षं.

मी मिग-२१ मधला एफएल हा प्रकार केला, १९७१ चा. हे मिग मुळात चांदीसारखं चकचकीत, पण लढाईच्या तोंडावर घाईघाईने रंगवलं गेलं, प्रत्येक स्क्वाड्रनची तऱ्हा वेगळी, कुठे ठिपके कुठे पट्टे. पोटाखाली गनचा पॉड, कारण या मॉडेलला आत गनच नव्हती. मी एअरब्रशने, म्हणजे रंगाचा फवारा मारून, छान मऊ कडा काढल्या, महिनाभर खपलो, आणि मागच्या प्रदर्शनात एक आजोबा आले, हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, होते. बराच वेळ बघून म्हणाले, "सुरेख झालंय, पण असा रंग नव्हता रे. आम्ही ब्रशने मारलाय. रात्री, टॉर्च धरून."

घरी आलो आणि रंग उतरवला. चार इंची ब्रशचा फटकारा १/७२ मध्ये दीड मिलिमीटरही भरत नाही. तीन शून्याचा, अगदी बारीक ब्रश घेतला आणि एकेक फटकारा मारत गेलो, कुठे जाड कुठे पातळ, कुठे खालची चांदी दिसत राहिलेली. अकरा रात्री लागल्या. मग विमान डब्यात कापसात ठेवून आजोबांच्या घरी घेऊन गेलो.

त्यांनी चष्मा बदलला. हात स्वच्छ पुसले आणि मग विमान उचललं, पंखाला न धरता, खालून, तळव्यावर. उलटं करून पोट बघितलं. "आमच्यांची पोटं रंगवली नव्हती," म्हणाले. मी सांगितलं, तुम्ही तेव्हाच बोलला होतात, तशीच ठेवलीय. मग त्यांनी ते सरळ केलं, टीपॉयवर ठेवलं आणि बोटाने हळूच फिरवून नाक दाराकडे केलं. पेनमध्ये, म्हणजे विमान सुरक्षित ठेवायच्या आडोशात, विमान असंच उभं करायचं, म्हणाले, हाक आली की सरळ बाहेर.

आज टेबलावरही ते तसंच ठेवलंय. या, जवळ येऊन बघा, भिंग इथे आहे.