बर्फातला खणखणीत सिग्नल

नमस्कार श्रोतेहो.

2024 च्या सप्टेंबरअखेरीला एक बातमी आली होती, तुम्ही ऐकली असेल. हिमाचलमध्ये रोहतांगच्या बाजूला बर्फातून चार जवानांचे मृतदेह मिळाले. विमान पडलं होतं 7 फेब्रुवारी 1968 ला. 56 वर्षं झाली! हवाई दलाचं ते एएन-12 जातीचं मालवाहू विमान चंडीगडहून लेहला निघालं होतं, आत 102 माणसं होती. लेहजवळ हवा बिघडली म्हणून वैमानिकाने विमान माघारी वळवलं आणि रोहतांगच्या आसपास ते नाहीसं झालं. पहिले अवशेष दिसले थेट 2003 मध्ये, तेही गिर्यारोहकांना. 2019 पर्यंत पाच जण मिळाले, मग हे चार. 102 पैकी नऊ. त्या चौघांपैकी एकाची ओळख खिशातल्या कागदावरून पटली.

एवढं मोठं विमान असं गडप कसं होतं? डोंगरात वारा सरळ वाहत नाही, हे पहिलं कारण. पावसाळ्यात नाणेघाटात धबधब्याचं पाणी उलटं वर उडताना तुम्ही पाहिलं असेल. समोरून आलेला वारा कड्यावर आपटून वर चढतो. तोच वारा पलीकडच्या अंगाला खाली कोसळतो आणि त्यात सापडलेलं विमानही खाली ओढलं जातं. त्यातून ढग असले, तर पुढे ढग आहे की ढगाआड डोंगर, हे कळतच नाही. आणि पडल्यावर वरून एक रात्र बर्फ पडला, की शोधणाऱ्याला खाली नुसतं पांढरं दिसतं. म्हणून म्हणतो, डोंगरात डोळ्यांपेक्षा कानावर भिस्त ठेवावी. (गडावर स्पीकर घेऊन जाणाऱ्यांना हे कोण सांगणार? राजगडाच्या बालेकिल्ल्यावर लग्नातली गाणी! असो.)

कानावरून माझी आवडती गोष्ट. स्टुडिओतली मंडळी आता घड्याळाकडे बघायला लागतील, पण सांगतोच.

19 नोव्हेंबर 1946. महायुद्ध संपून वर्ष झालेलं. अमेरिकी सैन्याचं डाकोटा जातीचं एक विमान ऑस्ट्रियातून इटलीतल्या पिसाला निघालं. आत 12 माणसं: चार कर्मचारी, बाकी मोठे अधिकारी आणि त्यांची कुटुंबं. 11 वर्षांची एक मुलगीसुद्धा. वैमानिक कॅप्टन राल्फ टेट, आणि मागे प्रवाशांत बसलेली त्याची आई! दाट ढगांत वाट चुकली. विमान स्वित्झर्लंडमधल्या गाउली नावाच्या हिमनदीवर जाऊन आदळलं. गाउली. मला तर दर वेळी गवळीच ऐकू येतं. उंची साधारण 3,350 मीटर. पण पुढे मऊ बर्फ होता, विमान त्यात घसरत जाऊन रुतलं. काही जण जखमी झाले, पण गेलं कुणीच नाही. बाराच्या बारा जिवंत.

वायरलेसही चालू होता. त्यांनी संदेश पाठवला, आम्ही फ्रान्सच्या आल्प्समध्ये पडलो आहोत. चुकीचा पत्ता! बिचाऱ्यांना खरंच तसं वाटत होतं. झालं, शोध सुरू झाला भलतीकडेच. वैमानिकाचे वडील सैन्यात जनरल, तेही शोधात उतरले. मुलगा बर्फात, बायको बर्फात, आणि दोघं नेमकी कुठे, पत्ता नाही.

इकडे स्वित्झर्लंडमध्ये मायरिंगेन नावाचं गाव आहे, तिथे लष्करी विमानतळ. तिथल्या मेजर हिट्झ यांच्या कानावर हे संदेश पडत होते, आणि अगदी खणखणीत. फ्रान्सचे डोंगर किती लांब, मधे केवढे पहाड. आवाज एवढा स्पष्ट कसा? शेजारच्या खोलीतून हाक मारली आणि वाड्याच्या पलीकडून मारली, तर फरक कळतो ना आपल्याला? तसंच. ही मंडळी फ्रान्समध्ये नाहीत, इथेच आहेत, आपल्या डोक्यावर! संदेश काय सांगतो ते सोडा, आवाज केवढा येतो ते ऐका. पुन्हा सांगतो, आवाज केवढा येतो ते ऐका. वेगवेगळ्या केंद्रांनी सिग्नलची दिशा मोजली, त्या रेषाही स्वित्झर्लंडकडेच बोट दाखवत होत्या.

विमान दिसल्यावर अमेरिकी सैन्याने आगगाडीभर जीपगाड्या पाठवल्या. हिमनदीवर जीप! मोठी यंत्रणा आली की अक्कल मागच्या गाडीने येते, हे माझं जुनं मत आहे. स्विस माणसं मात्र 13 तास चालून वर पोचली. पण एवढ्या जखमींना खाली आणायचं कसं? तेव्हा हिट्झ आणि कॅप्टन व्हिक्टर हुग यांनी स्टॉर्च नावाची दोन चिमुकली विमानं काढली. चाकांना बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या बसवल्या आणि थेट हिमनदीवर उतरवली. हिमनदीवर विमान उतरवून माणसं सोडवायची, हे स्वित्झर्लंडमध्ये तोवर कुणी केलेलं नव्हतं. 24 नोव्हेंबरला एकेक, दोनदोन करत फेऱ्या मारल्या आणि संध्याकाळपर्यंत बाराही जण खाली. स्विस हवाई बचावकार्याची सुरुवात आजही याच दिवसापासून मोजतात.

आणि ते डाकोटा? ते तिथेच राहिलं, बर्फात खाली खाली गेलं. 2012 मध्ये बर्फ वितळला, तेव्हा तीन तरुणांना त्याचा पंखा सापडला. माणसं पाच दिवसांत खाली आली होती, पंख्याला 66 वर्षं लागली.

नमस्कार.