प्रत्येक ओळीची पट्टी वेगळी

मंडळी, आधी माझीच फजिती सांगतो. मासिक अहवालाचा तक्ता होता. ओळींमध्ये विक्री, वेळेत पोचलेल्या मालाची टक्केवारी आणि तक्रारी. आडवे बारा महिने. मी अख्खा तक्ता निवडला आणि एक्सेलमधला, आकड्यानुसार चौकटी रंगवणारा लाल-पिवळा-हिरवा असा छटांचा तयार नियम लावून टाकला. विक्री ५०,००० च्या घरात, टक्केवारी ९० च्या आसपास, तक्रारी ४० च्या. एक्सेलने सगळ्यांना एकाच मापाने मोजलं. विक्रीची ओळ हिरवी, टक्केवारीची पिवळट, तक्रारींची लाल. तक्ता कसला, तीन पट्ट्यांचा झेंडाच तो! कोणता महिना बिघडला, ते त्यातून काही कळेना.

मग वाटलं, प्रत्येक ओळीला छटांचा नियम वेगळा लावू. लावला. तर सर्वाधिक तक्रारींचा महिना हिरवागार! एक्सेलच्या लेखी मोठा आकडा म्हणजे चांगला. दुसरी गोची याहून बेरकी होती. टक्केवारी वर्षभर ९१ ते ९३ मध्येच होती, म्हणजे काहीच घडलं नव्हतं. पण ओळीतल्या सर्वात लहान आकड्याला लाल मिळणारच, म्हणून बिचारा ९१ लालभडक. छटा फक्त तुलना करतात. बरं की वाईट, हे त्यांना ठाऊक नसतं; ते आपणच सांगावं लागतं.

कुठे सांगायचं? बरेच जण नियमाच्या खिडकीत सांगतात: पाचव्या ओळीसाठी ४०, सहाव्यासाठी ९०. तीस ओळी, तीस नियम. सहा महिन्यांनी मर्यादा बदलली की ते तीस नियम उकरत बसा. माझं ठाम मत आहे की मर्यादा तक्त्यातच लिहावी. नावापुढे दोन रकाने घ्या. बी मध्ये मर्यादा, सी मध्ये दिशा. जास्त असणं चांगलं तिथे १, कमी असणं चांगलं तिथे उणे १. महिने डी पासून सुरू. आता सगळ्या तक्त्याला एकच सूत्र पुरतं: महिन्याच्या आकड्यातून मर्यादा वजा करा, उरलेल्याला दिशेने गुणा, उत्तर शून्याखाली गेलं की लाल. तक्रारींची मर्यादा ४० आणि आकडा ४६ असेल, तर फरक ६, गुणिले उणे १, उत्तर उणे ६. लाल. विक्रीलाही हेच सूत्र, अक्षर न बदलता.

यात सगळी गंमत डॉलरच्या चिन्हाची आहे. बी आणि सी या अक्षरांआधी डॉलर हवा, म्हणजे रकाना जागचा हलत नाही. ओळीच्या आकड्याआधी मात्र नको, नाहीतर सगळ्या ओळी पहिल्या ओळीच्या मर्यादेवर मोजल्या जातील. महिन्याच्या पेशीला, म्हणजे आकड्याच्या चौकटीला, डॉलर अजिबात नको. आणि तक्ता खालून वर ओढून निवडू नका. सूत्र चालू पेशीच्या, म्हणजे जिथून निवड सुरू केली त्या पेशीच्या, हिशेबाने वाचलं जातं. ती तळाला राहिली की रंग भलत्याच ओळींवर जातात. हे मी दोनदा केलंय.

तयार छटा, पट्ट्या आणि चिन्हं २००७ च्या एक्सेलपासून आली. त्याआधी एका पेशीला तीनच अटी चालत. पण या तयार प्रकारांच्या मर्यादेत ओळीगणिक सरकणारा संदर्भ आजही चालत नाही, म्हणून सूत्राचा नियमच धरावा लागतो.

रिकाम्या पेशीकडे लक्ष असू द्या. सूत्र तिला शून्य समजतं, त्यामुळे न उजाडलेल्या महिन्याची विक्री लाल दिसते. ‘पेशी रिकामी नसेल तर’ ही अट जोडा. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल-साधनामध्ये हेच काम रंगाचा कोड परत करणारं मेजर, म्हणजे तिथलं हिशेबाचं सूत्र, करतं. तिथे एकूण बेरजेची ओळ फसवते. तिच्यासाठी विक्री किंवा तक्रारी असा एकच निर्देशांक निवडलेला नसतो, म्हणून मेजर शेवटच्या ‘नाहीतर’वर जातं. त्या ‘नाहीतर’मध्ये हिरवा लिहून ठेवला असेल, तर बेरीज कायम खुशीत!

हिरव्यावरून आठवलं. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारे लोक कमी नसतात, पुरुषांत तर जास्तच. शिवाय अहवाल काळ्या-पांढऱ्यात छापला जातो, तेव्हा दोन्ही रंग राखाडी. म्हणून मी हिरवा सोडूनच दिलाय. ठीक असलेली पेशी पांढरी, मर्यादा ओलांडलेली फिक्या लाल पार्श्वभूमीवर, ठळक अक्षरात.