औषध लिहिणारे मानसशास्त्रज्ञ

नमस्कार श्रोतेहो.

मानसशास्त्रज्ञ समुपदेशन करतात, चाचण्या घेतात. औषधं लिहितात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर. अमेरिकेतल्या काही राज्यांनी ही रेघ पुसली आहे. सुरुवात २००२ साली न्यू मेक्सिकोनं केली, २००४ मध्ये लुइझियानानं, पुढे इलिनॉय, आयोवा, आयडाहो, कोलोरॅडो आणि युटानं. मानसोपचारतज्ज्ञांची तिथे मोठी टंचाई आहे, खेड्यापाड्यांत तर विचारायलाच नको.

पण अधिकार द्यायचा, तर तो कोणाला? न्यू मेक्सिकोच्या कायद्यात डॉक्टरेट आणि मानसशास्त्रज्ञाचा परवाना हवाच. त्यावर औषधशास्त्राचं आणि शरीरक्रियेचं कमीत कमी ४५० तासांचं शिक्षण, डॉक्टरच्या देखरेखीखाली ४०० तास आणि किमान १०० रुग्ण, मग राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा. एवढं करून हातात पडतं ते दोन वर्षांचं सशर्त प्रमाणपत्र; तेव्हाही देखरेख असतेच.

हे तास कुणाला जास्त वाटतील. मला नाही वाटत. मनाचे तीव्र चढउतार आवरणाऱ्या लिथियम या औषधाचंच बघा. एखाद्या रुग्णाला ते छान लागू पडलंय, मन स्थिर आहे. त्याचा गुडघा दुखू लागतो आणि तो दुकानातून आयबुप्रोफेन आणून घ्यायला लागतो. मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं मंदावतं, रक्तातली पातळी चढते, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. समोर बसलेल्याला वाटावं, काळजी वाढली असेल! म्हणून रक्तातली पातळी, मूत्रपिंड, थायरॉइड ही तपासणी वेळच्या वेळी व्हायला हवी, आणि 'आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?' हा प्रश्न दर भेटीत विचारायला हवा.

त्यामुळेच रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरशी सतत संपर्क ठेवण्याची न्यू मेक्सिकोची अट मला सगळ्यांत मोलाची वाटते. इलिनॉय आणखी सावध राहिलं: २०१४च्या कायद्यात १७ वर्षांखालची मुलं, ६५ वर्षांपुढची माणसं आणि गरोदर स्त्रिया यांना वगळलं.

आणि चूक झालीच, तर जाब कोण विचारणार? लुइझियानानं २००९ मध्ये या मंडळींचं नियंत्रण मानसशास्त्रज्ञांच्या मंडळाकडून काढून वैद्यकीय मंडळाकडे सोपवलं. अनेक मानसशास्त्रज्ञांना हे खटकेल, पण मला ते पटतं. औषधाच्या मात्रेबद्दलची तक्रार तपासायला औषधांचा अनुभव असलेलीच माणसं बसायला हवीत.