फिडल बाहेर, पियानो आत: कंट्री गाणी पॉपमध्ये कशी शिरली?

नमस्कार मंडळी!

'आय विल ऑलवेज लव्ह यू' म्हटलं की कोण आठवतं? व्हिटनी ह्यूस्टन, १९९२. पण गाणं मूळचं डॉली पार्टनचं. तिनंच लिहिलं, तिनंच गायलं, आणि १९७४ मध्ये कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या ढंगाच्या गाण्यांच्या, लोकप्रियतेच्या यादीत ते पहिलं होतं. पॉपवाल्यांच्या घराघरात पोचायला त्याला अठरा वर्षं आणि दुसरा गळा लागला.

हा एक रस्ता. मला आज दुसऱ्या रस्त्याबद्दल बोलायचंय. गायक तोच, गाव तेच, नॅशव्हिल, म्हणजे अमेरिकेतलं कंट्रीचं माहेरघर, आणि तरी गाणं पॉपमध्ये घुसलं. कसं काय?

१९५६-५७ च्या सुमारास नॅशव्हिलवाल्यांचं धाबं दणाणलं होतं. एल्व्हिस प्रेस्ली आणि रॉक अँड रोलनं तरुण पोरं पळवली होती. मग आरसीए आणि डेक्का या रेकॉर्ड कंपन्यांत गाणी करून घेणारे दोघं, आरसीएत चेट ॲटकिन्स आणि डेक्कात ओवेन ब्रॅडली, यांनी गाण्याची झाडलोट सुरू केली. फिडल कमी, नाकात गाणं कमी. त्याऐवजी पियानो, मऊ कोरस, आणि पुढेपुढे व्हायोलिनांचा ताफा. आता गंमत बघा, फिडल आणि व्हायोलिन हे वाद्य एकच! एकट्यानं शेतकरी ढंगात वाजवलं की फिडल, दहा जणांनी कोट घालून वाजवलं की व्हायोलिन.

आता आरसीएचा गायक जिम रीव्ह्ज. गोव्यात, वांद्र्याला, वसईला ज्यांचं लहानपण गेलं त्यांना हे नाव नवीन नाही. नाताळ आला की हा आवाज आलाच. त्याचं 'हील हॅव टू गो' १९५९ च्या शेवटी आलं, तेही रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटली आणि गाणं कंट्रीत पहिलं, पॉपमध्ये दुसरं!

त्यात घडतं काय, तर एक माणूस बारमधून प्रेयसीला फोन लावतोय. तिला म्हणतो, ओठ जरा फोनच्या जवळ आण. मी इथे जूकबॉक्सचा, म्हणजे नाणं टाकून गाणी लावायच्या यंत्राचा, आवाज कमी करायला सांगतो, तू तुझ्या शेजारच्या मित्राला सांग, त्याला आता निघावं लागेल. बस, एवढंच. आता हे ओरडून गाता येईल का? रीव्ह्ज माइकला जवळजवळ चिकटून गायचा, खालच्या पट्टीत, जणू फोनवरच बोलतोय. (हेडफोन कानाला लावत) हे असं ऐका, दिवे बंद करून. तो मागचा दुसरा माणूस एक शब्द बोलत नाही, पण खोलीत आहे हे कळतं.

दुसरं गाणं, डेक्काकडून आलेलं, गायिका पॅट्सी क्लाइनचं 'क्रेझी', १९६१. लिहिणारा विली नेल्सन, तेव्हा नॅशव्हिलमध्ये धडपडणारा पोरगा. त्याची गायची तऱ्हा अशी की ओळ तालाच्या मागे रेंगाळणार. पॅट्सीला ते आधी अजिबात पटलं नव्हतं. त्यात जूनमध्ये मोटारीचा भयंकर अपघात. ऑगस्टमध्ये कुबड्या घेऊन स्टुडिओत आली. स्टुडिओ म्हणजे काय, घराला जोडलेली अर्धगोल पत्र्याची शेड! बरगड्या दुखत होत्या, वरचे सूर लागेनात. शेवटी ब्रॅडलीनं वादकांचं वाजवणं टेपवर घेऊन ठेवलं. काही दिवसांनी ती परत आली आणि म्हणतात की एका टेकमध्ये गाऊन मोकळी झाली. पॉपच्या यादीत नववा नंबर. पुढे जेमतेम दीड वर्षात विमान अपघातात ती गेली, वय तीस.

जुने कंट्रीवाले या सगळ्यावर नाराज होते, आणि मला त्यांचं अगदीच चुकलं असं वाटत नाही. काही गाण्यांत कोरस इतका गोड आहे की दात दुखतात. या नव्या गुळगुळीत ढंगाला 'नॅशव्हिल साउंड' म्हणत. चेट ॲटकिन्सला कुणी विचारलं, नॅशव्हिल साउंड म्हणजे नेमकं काय? त्यानं खिशातली चिल्लर खुळखुळवली, अशी गोष्ट सांगतात.

पण या दोन्ही गाण्यांत एक माणूस सामाईक आहे. फ्लॉइड क्रेमर, पियानोवाला. कंपन्या दोन, स्टुडिओ दोन, पियानोवर हाच. त्याची एक खोड होती. शेजारच्या पट्टीला निसटता स्पर्श करून मग खऱ्या सुरावर यायचं. आपले पेटीवाले कण घेतात ना, तसंच काहीसं. स्टील गिटारवर सूर ओढत नेतात, ती ओढ त्यानं अशी पियानोत आणली. 'क्रेझी'मध्ये पॅट्सी श्वास घेते त्या जागा ऐका, तिथे तो असतो.

१९६० मध्ये त्याची स्वतःची 'लास्ट डेट' ही धून पॉपच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत चढली. शब्द नाहीत, सगळा भार पियानोवर. पहिल्या नंबरवर कोण बसलं होतं? एल्व्हिस, 'आर यू लोनसम टुनाइट'. आणि त्या रेकॉर्डिंगला पियानोवादक म्हणून नाव कुणाचं? फ्लॉइड क्रेमरचंच!