परदेशातलं सेमिस्टर: विमानात बसण्याआधी एक सही घ्या

नमस्कार मंडळी. जर्मनीतल्या माझ्या सेमिस्टरचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून खाली एकच प्रश्न येतोय, "ताई, जायचं कसं?" सांगते, पण भराभर सांगते. कारण मला बोलायचंय ते परत आल्यावर काय होतं त्याबद्दल, आणि ते कुणी विचारतच नाही.

तर जायचं कसं. तुमच्या कॉलेजचा तिकडच्या विद्यापीठाशी एक्स्चेंजचा करार आहे का ते बघा. असेल तर सहसा फी इकडेच भरायची, तिकडे फक्त सेमिस्टरचं ठरावीक शुल्क. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहणार, म्हणून नॅशनल व्हिसा लागतो. खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागू शकतं, म्हणजे पैसे आधी भरून ठेवायचे आणि दर महिन्याला ठरावीकच काढता येतात असं खातं. पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. खोलीची किल्ली घेतानाच तो मागा. झालं. हे सगळं वेबसाइटवर नीट लिहिलेलं असतं.

आता मुद्द्याचं. लर्निंग ॲग्रीमेंट. तिकडे कुठले विषय घेणार आणि त्याबदल्यात इकडचे कुठले माफ होणार, याचा हा कागद. सगळे जण तो फॉर्म भरतात. माझ्याकडेही होता, सही-शिक्क्यासकट. मग घोळ कुठे झाला?

मी मे महिन्यात यादी बघून विषय निवडले, ती यादी मागच्या वर्षीची होती. तिकडचं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. मी पोचले तर माझा एक विषय त्या वर्षी शिकवतच नव्हते. मी दुसरा घेतला आणि आमच्या विभागप्रमुख सरांना फोन केला. सर म्हणाले, "हो हो, चालेल, घे तो." मी निर्धास्त. मार्चमध्ये परत आले तर विभागप्रमुख बदललेले. नवीन मॅडमनी फाइल उघडली, जुना कागद बघितला आणि शांतपणे विचारलं, "हा विषय यात कुठाय?" सर खोटं बोलले नव्हते, मॅडमही चुकीचं बोलत नव्हत्या. फाइलमध्ये कागद नव्हता, एवढंच. त्यामुळे इकडचा विषय माफ झाला नाही, आणि त्याचा पेपर मला पुढच्या वर्षी ज्युनिअर्सबरोबर बसून द्यावा लागला. म्हणून विषय बदलला की त्याच आठवड्यात बदलाचा फॉर्म भरा आणि तिन्ही सह्या घ्या: तुमची, तिकडच्यांची, इकडच्यांची. फोनवरचं "चालेल" फाइलला लावता येत नाही.

यावर एकाने कमेंट केली होती, "क्रेडिट तर क्रेडिट असतं, त्यात काय एवढं?" नाही ना दादा! क्रेडिट म्हणजे विषयाच्या कामाचं माप, आणि ते सगळीकडे सारखं नसतं. युरोपात एका सेमिस्टरचे ३० क्रेडिट धरतात, आणि जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं काम, घरी बसून केलेला अभ्यास धरून. आपल्याकडे सेमिस्टरला बहुतेक ठिकाणी वीस-बावीस असतात. मग तिकडचे ५ म्हणजे इकडचे किती? हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. तेव्हा तो आकडासुद्धा जाण्याआधी त्याच कागदावर लिहून घ्या.

ग्रेडचंही तेच. जर्मनीत १.० सगळ्यात चांगला, ४.० ला पास, ५.० म्हणजे नापास. मला एका विषयात १.३ मिळाले. मी आईला आनंदाने फोन केला होता! इकडे परीक्षा विभागातल्या काकांनी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे तिकडची गुणपत्रिका, हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अरेरे, एवढे कमी?" त्यांचा काय दोष, आपल्याकडे दहापैकी १.३ म्हणजे काय होतं ते आपल्याला माहितीये. ग्रेडचा तक्ता असलेलं पान तिकडच्या ऑफिसकडून शिक्क्यासह मागून आणा. मी नंतर ईमेल करून मागवलं, त्यात तीन आठवडे गेले.

जरा विषय सोडून एक सांगते. पहिल्या दिवशी दहाचं लेक्चर होतं. मी पावणेदहाला हजर, हॉलमध्ये कुणीच नाही. मला वाटलं इमारत चुकली. दोन मजले फिरून आले. सव्वादहाला हॉल भरला. वेळापत्रकात दहाच्या पुढे 'सी.टी.' लिहिलेलं होतं, म्हणजे पंधरा मिनिटं उशिरा सुरू. आणि लेक्चर संपल्यावर सगळ्यांनी मुठीने बाक वाजवायला सुरुवात केली, मला वाटलं चिडलेत. ती तिकडची टाळी! डिसेंबरमध्ये मी सेमिनार दिला, तेव्हा बाहेर चारलाच अंधार पडला होता, आणि माझ्यासाठी बाकं वाजली. तो आवाज अजून कानात आहे.

हां, तर परीक्षा. विषयाला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं समजू नका! बऱ्याच ठिकाणी परीक्षेची नोंदणी वेगळी असते, पोर्टलवर, ठरावीक तारखेपर्यंत. माझ्या मजल्यावरची एक मुलगी सगळी लेक्चर्स बसली, नोट्स काढल्या, आणि यादीत तिचं नावच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात परीक्षा कार्यालयात जाऊन तारीख विचारा आणि नोंदणी झाली की स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुन्हा तेच, कागद.

शिवाय तिकडच्या परीक्षा फेब्रुवारीत, आणि तोवर आपल्याकडे पुढचं सेमिस्टर सुरू झालेलं असतं. त्या आठवड्यांच्या हजेरीचं काय, हेही आधीच अर्ज करून मंजूर करून घ्या.

एका आईने लिहिलंय, "एवढी कटकट असेल तर मुलीला पाठवू की नको?" काकू, पाठवा. नक्की पाठवा. फक्त ती निघण्याआधी तिच्याबरोबर बसून ते लर्निंग ॲग्रीमेंट एकदा ओळ न् ओळ वाचा. विषय बदलल्यावर विभागाला जो अर्ज द्यायचा, तो मी मराठीत आणि इंग्रजीत लिहून खाली डिस्क्रिप्शनमध्ये ठेवलाय. नाव आणि विषय बदलून तसाच वापरा.