एका हाताचे आठ

(दृश्य: पहाटेचा तलाव. एकच जण पोहतोय. काही सेकंद फक्त पाण्याचा आवाज.)

पंचवीस मीटरचा तलाव. या काठापासून त्या काठापर्यंत फ्रीस्टाइलचे साधारण 16 हात पडतात, म्हणजे एका हाताचे 8. चार किलोमीटरच्या सरावात अशा 160 लांब्या होतात. करा गुणाकार. 1,280 वेळा तोच हात डोक्यावरून पुढे जातो, पाणी धरतो, मागे ढकलतो. आठवड्याला पाच दिवस धरले तर 6,400. हा हौशी माणसाचा हिशोब झाला. स्पर्धेत उतरणाऱ्यांचा आकडा याच्या कितीतरी पुढे असतो.

माझा उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा मी हा गुणाकार केलेला नव्हता. अमुक दिवशी दुखावला, असंही सांगता येत नाही. पडले नाही, कुठे आपटले नाही. आधी सराव संपल्यावर ठणकायचा, मग सराव चालू असतानाच. मग एका सकाळी टी-शर्ट काढताना कोपर कानापाशी अडकलं. तोंडावर टी-शर्ट, उजवा हात ना वर ना खाली, तशीच उभी राहिले. शेवटी डाव्या हाताने ओढून काढला आणि तलावावर गेले. त्या दिवशीही तीन किलोमीटर पोहले. अंग तापलं की दुखणं दबतं. पोहणाऱ्यांना ही फसवणूक चांगली ओळखीची आहे, तरी आपण दर वेळी फसतोच. पुढे तर मी वेदनाशामक गोळी घेऊन पाण्यात उतरायला लागले. तेवढं मात्र कुणी करू नका.

(दृश्य: खांद्याच्या सांध्याचं हलतं रेखाचित्र.)

खांद्याला उखळीचा सांधा म्हणतात, पण ही उखळ नावालाच. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याची खोबण उथळ, बशीसारखी. गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग तिला टेकलेला असतो. म्हणून तर हात इतका मोकळा फिरतो. गोळा जागेवर ठेवायचं काम बरंचसं स्नायूंवर येतं. त्यातले चार छोटे स्नायू त्याला बाहीसारखे वेढून असतात, त्यांना रोटेटर कफ म्हणतात. पाठीवरचं फऱ्याचं हाड सांभाळणारे स्नायू वेगळेच. हे सगळे थकले की हात चालतो, पण गोळ्यावरची पकड सैल होते आणि कंडरांवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांवर, ताण येतो.

1974 मध्ये केनेडी आणि हॉकिन्स या डॉक्टरांनी या दुखण्याला ‘स्विमर्स शोल्डर’ म्हटलं. हात वर जाताना कंडरा हाडाखाली चिमटते, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 13 ते 25 वयाच्या 80 अव्वल जलतरणपटूंना तपासलं. त्यांतल्या 73 जणांनी खांदा दुखत असल्याचं सांगितलं. ज्यांचा एमआरआय काढला त्यांतल्या 69 टक्क्यांची वरची कंडरा बिघडलेली निघाली. आणि तिचा संबंध दिसला तो आठवड्याचे तास आणि अंतर यांच्याशी. पुन्हा तोच गुणाकार.

(दृश्य: पाण्याखालून, समोरून. हात पाण्यात शिरताना.)

शैलीचा वाटा असतोच. माझा हात डोक्याच्या मध्यरेषेपलीकडे पडायचा, तोही अंगठा आधी. श्वास कायम डावीकडे, त्यामुळे शरीर उजवीकडे वळतच नव्हतं आणि उजवा हात सपाट अंगाने वर ओढला जायचा. वर हातात मोठी पॅडल्स, म्हणजे पाणी जास्त ढकलायला तळव्यांना बांधायच्या चपट्या पट्ट्या. फिजिओने व्हिडिओ पाहिला आणि फक्त एवढं विचारलं, “उजवीकडे श्वास घेता येत नाही का तुम्हाला?”

येत नव्हता. वीस वर्षं पोहत होते.

त्याआधी मी सहा आठवडे पूर्ण विश्रांती घेऊन पाहिली होती. दुखणं गेलं. परतले, दुसऱ्याच दिवशी जसंच्या तसं. कंडरेला नुसतं बसवून ठेवलं तर तिची ताकदही बसते. तिला भार लागतो, पण मोजून.

(दृश्य: खोलीचं दार. कडीला बांधलेला रबरी बँड.)

मग टॉवेलची सुरळी कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये धरायची, कोपर काटकोनात, आणि बँड हळूच बाहेर ओढायचा. टॉवेल खाली पडला तर तो हात मोजायचा नाही. इतका कंटाळवाणा व्यायाम दुसरा नसेल. महिनाभर बँडचा रंगसुद्धा बदलला नाही, म्हणजे ताण वाढवला नाही. वाकलेल्या वरच्या पाठीसाठी आणि फऱ्यांसाठी वेगळे व्यायाम होते. रात्री डाव्या कुशीवर, उजव्या हाताखाली उशी. नियम एक: दुखणं दहापैकी तीनच्या वर जायचं नाही आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वीइतकं खाली यायला हवं.

हात अजिबात उचलता येत नसेल, बोटांना मुंग्या येत असतील, खांदा निसटल्यासारखा वाटत असेल, तर हे व्यायाम करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. कधी कधी मूळ मानेत असतं.

(दृश्य: पाण्यात पाय मारणारी आकृती, हात अंगाशी.)

पाण्यात परतताना सगळे किकबोर्ड, म्हणजे धरून पाय मारायची तरंगती फळी, हातात देतात. पण दोन्ही हात ताणून बोर्ड धरणं हीच दुखऱ्या खांद्याला सगळ्यात नकोशी स्थिती. मी हात अंगाशी ठेवून, श्वासाची नळी म्हणजे स्नॉर्केल लावून, नुसते पाय मारले. शेजारच्या लेनमधली शाळकरी मुलं दोनदा पुढे निघून गेली. त्याचा राग आला, खोटं कशाला सांगू.

नवव्या आठवड्यात हात सुरू केले. दिवसाआड. आठ लांब्या, प्रत्येकीनंतर थांबून. पॅडल्स घरीच. श्वास आलटून पालटून, उजवीकडे घेताना नाकात पाणी. 200 मीटर झाले. एका हाताचे 64. खांदा गप्प होता आणि अंगात अजून बरंच पोहणं शिल्लक होतं. कोचने काठावरून हात केला, “बाहेर या.”

मी शिडी धरली.

(दृश्य: दुसरी सकाळ. वही. तारखेपुढे एक आकडा लिहिणारा हात.)

दोन.